पहिल्या पाण्याचा रांजण

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी देवपूरला आमच्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना तांब्याच्या तारेची गुंडी कशी सोडायची ते दाखवत होतो. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, जळगावहून फोन आहे. प्रभाकर म्हणून कोणी आहेत." ऑफिसात जाऊन फोन कानाला लावला. प्रभाकर एवढंच म्हणाला, "अक्का गेल्या रे. पहाटे, झोपेतच." लाइनमध्ये खरखर चालली होती आणि त्या खरखरीत मला उगाचच वाटत राहिलं, की लांब कुठेतरी एखादी मोटार चालू आहे आणि पाटातून पाणी जातंय... वर्कशॉपमध्ये परत आलो तर मुलं तार हातात धरून तशीच उभी. "सर, पुढे?" मी म्हटलं, "आधी सगळे पाणी पिऊन या." मुलांना वाटलं असणार, सरांचं काहीतरी बिघडलंय. खरं तर ते वाक्य माझं नव्हतंच. ते अक्कांचं होतं, आणि गेली पंधरा वर्षं मी ते स्वतःचं असल्यासारखं वापरतो आहे.

अक्का म्हणजे माझ्या नात्यातल्या कोणी नव्हेत. जळगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांच्या पोटातली जळकी तार काढून नवी बांधून द्यायचं काम. आमच्याकडे विजेचा दाब कधी इतका कमी की मोटार कण्हत राहते, कधी अचानक इतका वाढतो की ती धूर सोडते. त्यामुळे कामाला तोटा नव्हता. केळीवाले, कापूसवाले, सगळे बैलगाडीत नाहीतर एस.टी.च्या टपावर मोटार घालून यायचे आणि दुकानाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसायचे. दुकान अक्कांच्या यजमानांनी काढलेलं. ते ऐन चाळिशीत गेले. मूलबाळ नव्हतं. दुकान महिनाभर बंद राहिलं, आणि त्या महिन्यात दोन माणसं रोज सकाळी येऊन बंद शटरच्या पायरीवर बसत. एक गफूरचाचा, जे मोटारी खोलायचे आणि वॉर्निश द्यायचे. दुसरा प्रभाकर, जो तार बांधायचा. एकतिसाव्या दिवशी अक्कांनी शटर वर केलं, पदर खोचला आणि गफूरचाचांना म्हणाल्या, "माले शिकाडा."

हे मी पाहिलेलं नाही, चाचांकडून ऐकलंय. पण इतक्या वेळा ऐकलंय की आता मला ते शटर वर जाताना दिसतं, आवाजासकट.

मी गेलो तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. पहूरचा मी. आयटीआयचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, शर्ट खोचून, भांग पाडून. अक्का जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात मोटारीचं उघडं पोट, हातात बांबूची चिपाटी, आणि त्या चिपाटीने तारेची वेटोळी एकेका खाचेत हलकेच बसवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ये रे भो, बैस. आधी पानी पी, मंग बोल." अक्का मूळच्या धुळ्याच्या, देवपूरच्या. जळगावात येऊन त्यांना वीस वर्षं झाली तरी बोलणं अहिराणीच राहिलं. मी पाणी प्यायलो. मग त्यांनी परीक्षा घेतली. "जयेल मोटार उनी तं पहिलं काय करशी?" जळकी मोटार आली तर पहिलं काय करशील. मी पुस्तकातलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं, कनेक्शन, टेस्टर, काय काय. त्या हसल्या. "नही. ज्यानी मोटार शे त्याले पहिलं पानी पाज. मोटारपेक्षा तो जास्त तापेल ऱ्हास." मोटारीपेक्षा तिचा मालक जास्त तापलेला असतो.

नोकरी लागली. आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या दुकानात ते पाणी साधं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे दुपारीसुद्धा ऊन पोचत नसे, तिथे अर्धा जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण होता. त्यावर लाकडी झाकण, झाकणावर उपडी पितळी वाटी. दुकानातून मोटार दुरुस्त होऊन गेली की ती बांधणाऱ्याने तिच्यासोबत शेतात जायचं, ती बसवायची, आणि लाइट येऊन पाणी पडेपर्यंत हलायचं नाही. पाणी पडलं की पहिल्या धारेखाली कॅन धरायचा, पाचेक लिटरचा, आणि ते पाणी आणून रांजणात ओतायचं. मग सगळ्यांनी त्यातला एकेक पेला प्यायचा. काम झालं, ते तेव्हा झालं. त्याआधी कितीही सफाईने तार बांधलेली असो, अक्का ते काम झालं असं म्हणत नसत. रांजण धुवायचा झाला तर आधी एक कळशी जुनं पाणी बाजूला काढून ठेवायचं आणि धुतल्यावर ते परत आत ओतायचं, विरजणासारखं. म्हणजे तो कधीच पुरता रिकामा होत नसे.

ही रीत सुरू झाली ती अक्कांनी स्वतः बांधलेल्या पहिल्या मोटारीपासून. त्यांचा स्वतःच्या हातावर भरवसा नव्हता. म्हणून त्या मोटारीबरोबर बैलगाडीतून शेतात गेल्या, दिवसभर विहिरीच्या कठड्याशी बसल्या, आणि पाणी पडलं तेव्हा त्यांना रडूच फुटलं. जेवणाचा डबा रिकामा झाला होता, तो त्या पाण्याने भरून त्यांनी दुकानात आणला आणि चाचांसमोर, प्रभाकरसमोर ठेवला. "हाई आपलं पानी," म्हणाल्या. कामाची वाहवा करायची आमच्या दुकानात एवढी एकच पद्धत होती.

उन्हाळ्याच्या दुपारी, दीड-दोनच्या सुमारास, दुकानात एक गुंगी यायची. बाहेर रस्ता पांढराफटक, आत वॉर्निशचा गोडसर वास, सुकत ठेवलेल्या मोटारींच्या पोटात पेटवलेले मोठे पिवळे दिवे. प्रभाकर तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा फिरवत असायचा, त्याची एक संथ लय. मी रांजणातून पेला भरून घ्यायचो आणि डोळे मिटून प्यायचो. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी गोड, तापीकाठचं जरा मचूळ, आमच्या पहूरकडचं जडसं. रांजणात सगळं एक झालेलं, तरी मला प्रत्येक घोटात वेगळं गाव लागायचं. हा घोट यावलचा, हा पहूरचा... कितीदा तरी मी तसाच भिंतीला टेकून पेंगलो असेन, आणि झोपेत मला विहिरी दिसायच्या. एकीतून दुसरीत पाणी जातंय, सगळ्या खालून जोडलेल्या, आणि खाली कुठेतरी अक्का मांडी घालून बसल्यात. जाग आली की चाचा हसायचे. "नवाब, उठो."

दुकानातल्या आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे 'थांबा'. काम करताना कोणालाही काही चुकल्यासारखं वाटलं, स्वतःचं किंवा दुसऱ्याचं, तर त्याने 'थांबा' म्हणायचं, की सगळ्यांनी हातातलं खाली ठेवून तिथे यायचं. शंका खोटी निघाली तरी कोणी हसायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात चारदा 'थांबा' म्हटलं, चारही वेळा खोटं. प्रभाकरच्या कपाळावर आठी चढली तशी अक्का म्हणाल्या, "म्हनू दे त्याले. आज खोटं म्हनस, उद्या खरं म्हनी." आणि दुसरी म्हणजे, आपण बांधलेली मोटार पुन्हा जळून परत आली तर सगळ्यांनी गोल बसून ती उघडायची. हे कोणी बांधलं, असा प्रश्न तिथे चालत नसे. एकदा मीच चटकन बोलून गेलो, "ही प्रभाकरची आहे ना?" अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोनी बांधी ते नका इचारा. मोटार काय सांगस ते देखा."

अलीकडे आमच्या संस्थेत एक पाहुणे येऊन गेले. पुण्याकडचे, गळ्यात टाय. कामाच्या ठिकाणी माणसं एकमेकांना कशी धरून राहतील यावर दोन तास बोलले, फळ्यावर गोल काढले, बाण काढले. सांगत होते ते चुकीचं नव्हतं. पण मला सारखा तो कोपरा दिसत राहिला आणि तिथला गारवा. बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? मला विचारायचं होतं, तुमच्यात कोणी खोटं बोललं तर तुम्ही काय करता? पण गप्प राहिलो. कारण मग मला माझी गोष्ट सांगावी लागली असती.

ती आता सांगतो.

मी दुकानात लागून दोन वर्षं झाली होती. एप्रिलचा शेवट. यावलजवळच्या एका केळीच्या बागेची मोटार आली. बागायतदार सत्तरीचे, सगळे त्यांना आबा म्हणत. बाग ऐन घडावर आलेली. त्या उन्हात केळीला चार दिवस पाणी मिळालं नाही तर झाडं कमरेत मोडतात, घडासकट. आबा पायरीवर बसले होते, पाणीसुद्धा पेल्यातलं अर्धं टाकलं त्यांनी. मोटार मी बांधायला घेतली. त्या दिवसांत मी जरा हवेत होतो, माझा हात प्रभाकरपेक्षा जलद चालतो असं मला कोणीतरी सांगितलं होतं, बहुधा मीच. आणि घाई होती त्याला आणखी एक कारण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पहूरला मुलगी बघायला जायचं होतं.

शेवटची वेटोळी बसवताना एका खाचेतला कागद किंचित फाटला. तार आणि लोखंड यांच्यामध्ये असतो तो कागद. तो फाटला तर तार लोखंडाला टेकते आणि मोटार जळते. आज ना उद्या. मी पाहिलं. 'थांबा' म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर अर्धं काम उलगडावं लागलं असतं... मी चिपाटीने तो कागद आत दाबला आणि वरून दोरा बांधून टाकला.

यावलला मोटार बसवली तेव्हा दुपार टळत होती. लाइट नव्हती. "येईल संध्याकाळपर्यंत, नाहीतर पहाटे," आबा म्हणाले. मी बागेच्या सावलीत बसलो. पाच वाजले, साडेपाच वाजले. यावलहून शेवटची सोयीची गाडी सहाची. मी आबांना म्हटलं, "लाइट आली की चालू करा, काही अडचण नाही." आणि रिकामा कॅन घेऊन निघालो. स्टँडवर नळ होता. त्या नळाखाली मी कॅन भरला. गाडी सुटेपर्यंत तो मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि तो मला लहान मुलाएवढा जड वाटत होता.

दुकान अजून उघडं होतं, तिघंही माझी वाट बघत होते. मी पाणी रांजणात ओतलं. हलकेच ओतलेलं पाणी, खालच्यात न मिसळता वरच राहिलेलं. अक्कांनी वाटीने चार पेले भरले. सगळे प्यायले. अक्का एक घोट घेऊन क्षणभर थांबल्या, मग सगळा पेला संपवला. "थंड शे," म्हणाल्या. चाचांनी मिशी पुसली. प्रभाकरने पेला धुऊन ठेवला. "मुलगी बघून ये नीट," तो म्हणाला, "तोंडाकडे बघ, पायाकडे नको." सगळे हसले. मीही हसलो.

पहूरला दोन दिवस राहून परत आलो. कोणी काही बोललं नाही. यावलहून निरोप नव्हता. आपल्याला वाटलं तेवढा कागद फाटला नसेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण एक गोष्ट झाली. मला रांजणातलं पाणी पिता येईना. पेला ओठाशी न्यायचो आणि ठेवून द्यायचो. जळगावचा वैशाख, दुकानात भट्टी, आणि मी समोरच्या हॉटेलात जाऊन पाणी पिऊन यायचो, चहाच्या निमित्ताने. दिवसाला सात-आठ चहा. दुपारची ती गुंगीही गेली. डोळे मिटले की विहिरी दिसायच्या, पण कोरड्या, आणि त्यांच्या तळाशी तो नळ. दुकानात नेहमी एक जादाची मोटार असायची, कोणाची फार अडचण असेल तर तात्पुरती द्यायला. ती जागेवर नव्हती. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण ती बहुतेक वेळा कोणाकडे तरी गेलेलीच असे.

त्या संध्याकाळनंतर पाचव्या दिवशी अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि रांजणातला पेला त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आपलं काम घेऊन बसल्या. तो पेला तासभर तिथे होता. शेवटी मी 'थांबा' म्हणालो.

चाचा आणि प्रभाकर हातातलं ठेवून आले. मी सांगितलं. कागदाचं सांगितलं, नळाचं सांगितलं. एकदम सगळं बाहेर पडलं. "अक्का, ते पाणी विहिरीचं नव्हतं. मी पाणी पडलेलं बघितलंच नाही." मला वाटलं आता काढून टाकतील. काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं, असंही मनात आलं. मी उठलो, म्हणालो, "मी रांजण उपसतो. सगळं पाणी फेकतो, घासून स्वच्छ करतो."

अक्कांनी माझा हात धरून खाली बसवलं. "कसाले? त्यामा बठ्ठास्नं पानी शे. तुनं बी ऱ्हाऊ दे. हाई बी आपलंच शे." त्यात सगळ्यांचं पाणी आहे, तुझंही राहू दे. मग म्हणाल्या, "सांगं ते बरं व्हयनं. आते पी."

मी तो पेला प्यायलो. त्या पाण्याची चव मी सांगू शकत नाही. मी रडत होतो.

दुसऱ्या दिवशी यावलला गेलो. माझी मोटार जळून शेडच्या कोपऱ्यात पडली होती. पण बाग उभी होती, हिरवीगार. विहिरीवर दुसरी एक मोटार लावलेली, वर गोणपाट टाकलेलं. लाइट नव्हती. "शेजाऱ्याची आणून लावली," आबा एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता झाडाच्या बुंध्याची माती सारखी करू लागले. माझा जीव भांड्यात पडला. नशीब, म्हटलं. जळकी मोटार परत आणली. ती आम्ही चौघांनी गोल बसून उघडली. फाटलेला कागद काळा होऊन तिथेच होता. तो हातात घेऊन चाचा म्हणाले, "इतना सा," आणि माझ्या तळहातावर ठेवला. पुन्हा बांधली ती मीच. चार दिवस लागले. माझा हात इतका हळू कधी चालला नव्हता.

बसवायला मात्र अक्का माझ्यासोबत आल्या. आबांनी ती शेजाऱ्याची मोटार तोवर काढून परत दिली होती. सकाळी अकराला आमची मोटार लागली. आणि लाइट नव्हती. आम्ही विहिरीजवळ, केळीच्या पहिल्या रांगेत बसलो. तो दिवस मला अजून स्वप्नातल्यासारखा आठवतो. केळीच्या बागेत उन्हाळ्यातही एक हिरवट अंधार असतो, पानांवरून ऊन खाली गळत येतं आणि जमिनीवर हलत राहतं. लांब सातपुडा धुरकट. एक वाजला, तीन वाजले. मी सारखा घड्याळ बघत होतो. "कधी येईल लाइट?"

"येई तवय येई. उगा बैस."

मग बऱ्याच वेळाने, जणू स्वतःशीच, त्या म्हणाल्या, "पहिली मोटार बांधी तवय माले भ्याव वाटे. आते बी वाटस." मी म्हटलं, "तुम्हाला? अजून?" त्या हसल्या. "बठ्ठास्ले वाटस. म्हनीसन तं चार जन लागतस." भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून तर चार जण लागतात. आणि पदराने वारा घेत त्या झाडाला टेकल्या आणि झोपून गेल्या. तोंड किंचित उघडं. इतकी गाढ झोप मी कोणाची पाहिली नाही. मला वाटलं, मी बांधलेल्या मोटारीच्या भरवशावर या झोपल्या आहेत... आणि मग वाटलं, मोटारीच्या नव्हे, माझ्या. पावणेसहाला शेडमधला दिवा लागला. मोटार घरघरली, पाइप थरथरला, एक ढेकर, आणि मग पाणी. मी धारेखाली कॅन धरला तेव्हा अक्का जाग्या झाल्या होत्या, पण उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. सहाची गाडी चुकली. आबांनी बैलगाडी जुंपून आम्हाला पुढच्या फाट्यावर सोडलं.

पुढे मी तिथे आणखी सहा-सात वर्षं काम केलं. मग देवपूरच्या संस्थेत शिकवायला लागलो. निघताना अक्कांनी रांजणातलं एक कॅन पाणी सोबत दिलं. "मना माहेरले घी जाय," म्हणाल्या, माझ्या माहेरी घेऊन जा. ते मी वर्कशॉपच्या माठात ओतलं, आणि माझ्या मुलांनाही ती सवय लावली. पांझराकाठच्या आसपासच्या शेतांतून तीही कॅन भरून आणतात. आमच्या प्राचार्यांना हा प्रकार अजून समजलेला नाही. पहूरची ती मुलगी आता माझी बायको आहे. लग्नानंतर तिला हा किस्सा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मला बघायला यायला तुम्ही तिघांना खोटं पाणी पाजलंत?" अजूनही कधी भांडण झालं की ती नळाकडे बोट दाखवते.

अक्कांचे दिवस झाल्यावर एका रविवारी मी जळगावला गेलो. येताना माझ्या मुलांनी बांधलेल्या ताज्या मोटारीचं पाणी कॅनमध्ये होतं, देवपूरजवळच्या एका मळ्यातलं. दुकान आता प्रभाकर सांभाळतो. त्याचे केस गेलेत. गफूरचाचा कामाला येत नाहीत, पण बसायला येतात. मागच्या कोपऱ्यात तसाच अंधार, तसाच गारवा. अक्कांची बसायची चटई गुंडाळून भिंतीला लावलेली. आम्ही तिघं बोलत राहिलो. बोलता बोलता मी म्हणालो, "त्या वेळी आबांना शेजाऱ्याची मोटार मिळाली नसती तर... मी आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं."

प्रभाकर आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं.

"शेजाऱ्याची कुठली," प्रभाकर म्हणाला. "आपली जादाची होती ती. तू पहूरला गेलास ना, त्या सकाळी पहिल्या गाडीने मी यावलला नेली. अक्कांनीच पाठवलं होतं. मी पोचलो तेव्हा तुझी तासाभरापूर्वी जळली होती. आबांना शेजाऱ्याची म्हणून सांगायला लावलं. वर गोणपाट मीच टाकलं होतं, तू ओळखशील म्हणून."

"पण सकाळी? म्हणजे अक्कांना आधीच..."

"बेटा," चाचा म्हणाले, "नाक तो सबको है ना. नल के पानी में दवाई की बू आती है. पहले घूँट में ही पता चल गया था. तीनों को. मैं पेला रखने ही वाला था, अक्का ने आँख से कहा, पी लो. तो पी लिया. तेरे जाने के बाद बोलीं, उसको कोई कुछ मत बोलना. वो खुद बोलेगा."

"आणि नसतो बोललो तर?"

प्रभाकरने खांदे उडवले. "आम्हीही विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, तो बोली. आपन वाट देखूत."

मी त्या कोपऱ्यात बसून राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या संध्याकाळी मी तिघांना फसवलं. तिघांपैकी कोणी फसलंच नव्हतं. त्यांनी माझं खोटं समजून उमजून, पूर्ण पेला भरून, घोटाघोटाने पिऊन टाकलं होतं, आणि वर मला मुलगी नीट बघून यायला सांगितलं होतं. आणि पाच दिवस वाट पाहिली होती. मला आता अक्कांना काही सांगायचं होतं, आणि सांगायला अक्का नव्हत्या.

थोड्या वेळाने मी उठलो. झाकणावरची पितळी वाटी उचलली, झाकण काढलं आणि कॅनमधलं पाणी रांजणात ओतलं. आत जुनं पाणी होतं, काळंभोर, माझा चेहरा त्यात हलला आणि मोडला. वाटीने पेले भरले. सवयीने चार भरले गेले. चाचांनी आपला पेला उचलला, नाकाशी नेला आणि डोळे बारीक करून मोठ्याने वास घेतला. प्रभाकरला हसू आवरेना, मलाही. हसता हसता चाचांचे डोळे भरून आले. "कुएँ का है," ते म्हणाले, आणि प्यायले.

चौथा पेला चटईपाशी तसाच भरलेला होता. निघताना मीच उचलला आणि पुन्हा रांजणात ओतून दिला.